साखर कमी पडली की

परळच्या आमच्या रात्रशाळेत जानेवारी लागला की दहावीची उजळणी सुरू होते. घंटा साडेसहाची, पण वर्ग खरा भरतो सातला. कुणाची शिफ्ट सुटलेली नसते, कुणी करी रोडच्या पुलावर गर्दीत अडकलेलं असतं, कुणाला शेठ "एवढं एक पार्सल टाकून जा" म्हणालेला असतो. दिवसा याच बाकांवर लहान मुलं बसतात. त्यामुळे आमच्या विद्यार्थ्यांचे गुडघे बाकाच्या फळीला लागतात आणि फळ्याच्या कोपऱ्यात सकाळच्या मुलांचा सुविचार तसाच असतो. तो पुसायचा नाही, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मी इथे बावीस वर्षं इंग्रजी शिकवतोय.

पहिल्या दिवशी मी विचारतो, "कुठे अडतंय?" दरवर्षी उत्तर एकच. "सर, इंग्रजीच येत नाही."

या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मराठीत भाषा येते. पोहणं येतं, स्वयंपाक येतो, झोप येते, रडू येतं, तसं इंग्रजी येतं. इंग्रजीत 'आय नो इंग्लिश' म्हणताना जाणणारा मी असतो, कर्ता मी असतो. आपल्या वाक्यात मी कर्ता नसतोच, नुसता 'मला' असतो. भाषा आली तर आली, नाही तर नाही. ज्या पाहुण्याची वाट बघून बघून शेवटी दार लावून घेतलं, त्याच्याबद्दल बोलावं तसे आमचे विद्यार्थी इंग्रजीबद्दल बोलतात. मी त्यांना म्हणतो, ती येत नसेल तर आपण जाऊ तिच्याकडे. दोन महिने आहेत हातात.

मला त्यांचं वाक्य कळतं, कारण मीही लालबागच्या चाळीतला. इंग्रजी पाचवीत सुरू झालं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, आमच्या खूप नंतर. वडील गिरणीत साचे खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होतो. अडीच लाख कामगार घरी बसले, त्यातला एक आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत. त्या रिकाम्या दिवसांत वडिलांनी कुणाकडून तरी इंग्रजी शिकवणारी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणली आणि दुपारी माझ्या शेजारी बसून ते एकेक वाक्य मोठ्याने वाचू लागले. उच्चार त्यांना कुणी शिकवलेला नव्हता. जसं लिहिलंय तसं वाचायचे, न बोलायची अक्षरंसुद्धा बोलायचे. त्यातलं चूक-बरोबर मला तेव्हा कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की हा माणूस काम नसताना कामावर बसल्यासारखा वाचतोय. घाम पुसत, बोट ओळीवर ठेवून.

रात्री शिकण्याची चाल काही आजची नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. मुंबईत ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग उभी केली आणि लीगने कामगारांसाठी रात्रीच्या शाळा चालवल्या. ज्यांच्या नावाचा रस्ता ओलांडून आमची अर्धी मुलं शाळेत येतात, ते हे जोशी. आधीच्या पिढीतले विद्यार्थी गिरणीतून सुटून यायचे. आताचे गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरांमधून आणि मॉलमधून येतात. कुणी लिफ्ट चालवतो, कुणी दुकानात कपड्यांच्या घड्या घालतो, कुणी दिवसभर बाइकवरून दुसऱ्यांचं जेवण पोचवतो. आठला मधली सुट्टी होते तेव्हा प्रत्येकाला एक केळं मिळतं. ते केळं खाताना वर्गात जी शांतता असते, ती मला वर्षभर पुरते.

गेल्या वर्षीच्या वर्गात एक ताई होत्या. वय चौतीस-पस्तीस. सातवीनंतर शाळा सुटलेली, मग लग्न, मग दोन मुलं, आणि धाकटा पाचवीत गेल्यावर त्या आमच्याकडे आठवीत आल्या. दिवसा दादरला हिंदू कॉलनीत एका आजोबांना सांभाळायच्या. ब्युरोचं काम, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. आजोबांचं वय नव्वदीच्या घरात, आठवण जवळजवळ पुसलेली. ताई वर्गात कधी हात वर करायच्या नाहीत. तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसायच्या आणि वहीचं पान दुमडून अर्धंच वापरायच्या, कागद वाचावा म्हणून.

आता एक कबुली. कितीतरी वर्षं मी कवितेची उजळणी करून घ्यायचो ती अशी: कवितेचं नाव, कवीचं नाव, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना, आवडण्याचं कारण. फळ्यावर सहा रकाने आखायचे आणि भरून द्यायचे. दमून आलेल्या माणसाला नेमकं काहीतरी हवं असतं, आणि तेवढ्यावर मार्क मिळतात हेही खरं. मग एका वर्षी पूर्वपरीक्षेचे सव्वीस पेपर तपासताना माझा हात थांबला. सव्वीसच्या सव्वीस जणांनी कविता एकाच कारणासाठी आवडल्याचं लिहिलं होतं, एकाच वाक्यात, एकाच स्वल्पविरामासकट. ते वाक्य माझं होतं. आवडणंसुद्धा मी त्यांना लिहून दिलं होतं. त्या रात्री लालबागपर्यंत मी चालत गेलो, बस पकडायचं सुचलं नाही.

तेव्हापासून सहा रकाने शेवटी. आधी कविता वाचायची, आणि तिच्याशी भांडायचं.

भांडायला सगळ्यात चांगली कविता म्हणजे शेक्सपिअरची 'ऑल द वर्ल्ड्ज अ स्टेज'. खरं तर ती कविता नाही, एका नाटकातलं भाषण आहे. नाटक १५९९ च्या सुमाराचं, छापलं गेलं १६२३ मध्ये, शेक्सपिअर वारल्यावर सात वर्षांनी. जेक्स नावाचं एक उदास पात्र अरण्यात बसून माणसाच्या आयुष्याचे सात अंक सांगतं. दाईच्या कडेवर ओकणारं तान्हं मूल, कुरकुरत शाळेत जाणारा मुलगा, भट्टीसारखे उसासे टाकणारा प्रेमिक, दाढीवाला सैनिक, पोट सुटलेला न्यायाधीश, सैल कपड्यांतला म्हातारा, आणि शेवटी पुन्हा बालपण, पण सगळं पुसून गेलेलं.

भाषणात माणसांच्या 'एक्झिट्स' आणि 'एंट्रन्सेस' आहेत. एंट्री आणि एक्झिट हे शब्द आमच्या मुलांना शिकवावे लागत नाहीत. गिरणगावात दामोदर नाट्यगृहात नाटकं बघितलेले आजी-आजोबा प्रत्येकाच्या घरात आहेत किंवा होते. गणपतीत चाळीच्या मंडपात नाटक बसतं तेव्हा अजूनही 'तुझी एंट्री डावीकडून' असंच सांगतात. चारशे वर्षांपूर्वीचे ते दोन शब्द शेक्सपिअरकडून सुटून आमच्या मंडपात येऊन मुक्कामाला राहिलेत.

यमकरचनेच्या रकान्यात मुलं 'फ्री व्हर्स' असं लिहितात. ते चूक आहे, आणि चूक का आहे ते कानाने कळतं, डोळ्याने नाही. मी बाकावर बोटांनी ठोके द्यायला सांगतो. 'ॲण्ड ऑल द मेन ॲण्ड विमेन मिअर्ली प्लेअर्स.' एक हलका, एक जोराचा, एक हलका, एक जोराचा, असे पाच जोराचे ठोके पडतात. यमक नाही, पण ताल पक्का आहे. मुक्तछंद वेगळा आणि निर्यमक वेगळं. गेल्या वर्षी मागच्या बाकावर ढोल-ताशा पथकातला एक मुलगा होता. त्याने दोनदा वाजवून बघितलं आणि म्हणाला, "सर, शेवटी एक हलका ठोका उरतो." बरोबर होतं. त्या ओळीच्या शेवटी एक अक्षर जास्त आहे, शेक्सपिअर असं पुष्कळदा करतो. मी बी.ए.ला हे पुस्तकात वाचून शिकलो होतो. त्याला त्याच्या तळहाताने सांगितलं.

मग भांडण सुरू झालं. दुसऱ्या अंकातला मुलगा सकाळी चेहरा धुऊन, दप्तर घेऊन, गोगलगायीसारखा शाळेकडे सरपटतो, नाखुशीने. "अनविलिंगली" वाचलं आणि पार्सलवाला मुलगा म्हणाला, "हे आपलं नाही सर. आपण तर पळत येतो." सगळे हसले नाहीत, कुणी मान हलवली, कुणी घड्याळाकडे बघितलं. सकाळचा चकचकीत चेहरा आणि संध्याकाळी सार्वजनिक नळावर धुतलेला चेहरा, यांतला फरक त्या वर्गात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. मी फळ्यावर त्याचं वाक्य लिहिलं, मराठीतच. त्याखाली म्हटलं, आता हे इंग्रजीत बसवा. दहा मिनिटं लागली. 'द बॉय इन द पोएम क्रीप्स टू स्कूल, बट वी रन.' हे वाक्य कुठल्याही गाइडमध्ये नाही.

सहाव्या अंकाला ताई पहिल्यांदा बोलल्या. तिथे एक शब्द आहे, पँटलून. जुन्या इटालियन नाटकांत पँटालोने नावाचा एक हटकून येणारा म्हातारा असायचा, त्याच्यावरून आलेला. आपण रोज म्हणतो तो 'पँट' शब्दही त्याच म्हाताऱ्याच्या विजारीचा वंशज आहे. तरुणपणी जपून ठेवलेली विजार आता सुकलेल्या पायांना कितीतरी मोठी होते, असं शेक्सपिअर म्हणतो. मी अर्थ सांगून पुढे निघालो होतो, तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. "पिन लावावी लागते."

"काय म्हणालात, ताई?"

"आजोबांच्या पँटी सगळ्या जुन्या आहेत, सर. ऑफिसच्या. नवीन घेतल्या तर घालत नाहीत, कुणाच्या म्हणून विचारतात. मग कमरेला मागून दोन बोटं चुणी घ्यायची आणि सेफ्टी पिन लावायची. पुढून लावली तर टोचते, बसल्यावर." त्यांनी दोन बोटांनी हवेत कापड चिमटून दाखवलं.

'वर्ल्ड टू वाइड' या शब्दांवर पंडितांनी लिहिलेलं मी थोडंफार वाचलंय. पण पिन मागून लावायची, हे मला ठाऊक नव्हतं. आता ती ओळ वाचताना मला दरवेळी ती दोन बोटं दिसतात.

शेवटची ओळ आम्ही सगळ्यांनी मिळून मराठीत करायची ठरवली. 'सान्स टीथ, सान्स आइज, सान्स टेस्ट, सान्स एव्हरीथिंग.' सान्स हा शब्द फ्रेंच, अर्थ 'विना'. घरचा 'विदाउट' असताना शेक्सपिअरने बाहेरचा शब्द घेतला आणि चारदा आपटला. फळ्यावर पहिला प्रयत्न आला, 'दातांविना, डोळ्यांविना, चवीविना, सगळ्याविना.' ढोलवाल्याला ते आवडलं नाही. लांबतं, म्हणाला, ठोका पडत नाही. कुणी म्हणालं, 'बिनदाताचा, बिनडोळ्याचा'. मग कुणाला तरी 'बेचव' सुचलं आणि वर्ग खूश झाला, कारण 'बे' सुद्धा फारसीतून आलेलं, म्हणजे बाहेरचंच. पण 'बेचव' चालेना. बेचव भाजी असते, माणूस नसतो. भाजीची चव जाणं वेगळं आणि जिभेची जाणं वेगळं. मराठीत दोन्हींना चवच म्हणतात, पण 'बे' लावलं की ती पानातल्या पदार्थाला जाऊन चिकटते. पंधरा मिनिटं त्या एका शब्दात गेली. परीक्षेच्या हिशेबाने वेळ वाया. मला विचाराल तर त्या दोन महिन्यांत भाषेचा अभ्यास म्हणून जे काही झालं, त्यातलं सगळ्यात पक्कं याच पंधरा मिनिटांत झालं.

दात नसलेलं तोंड आपल्याकडे शेक्सपिअरच्या आधीपासून आहे. शंकराचार्यांच्या नावावर सांगतात त्या स्तोत्रात 'दशनविहीनं जातं तुण्डम्' आहेच, पण तिथला म्हातारा सगळं गेलं तरी आशेचा गोळा सोडत नाही, आणि त्याबद्दल त्याला रागे भरलंय. इथे जेक्स म्हणतो, काहीच उरत नाही. मी दोन्ही सांगितलं आणि विचारलं, तुम्हाला कुठलं खरं वाटतं?

"चव जात नाही, सर," ताई म्हणाल्या. कशावरून, असं मी विचारलं. त्या वहीकडे बघत राहिल्या. मग सुट्टीची घंटा झाली, केळी आली.

व्याकरणावर मी थोडक्यात लिहितो, कारण त्यात रडगाणं फार आहे. एक खात्रीने सांगतो, आमच्या मुलांना व्याकरण येत नाही हे खोटं आहे. पॅसिव्ह व्हॉइस म्हटलं की त्यांचे चेहरे उतरतात, आणि तीच मुलं दिवसातून शंभरदा 'मी वडा खाल्ला, भजी खाल्ली, पोहे खाल्ले' म्हणतात. खाणारा तोच, पण क्रियापद वड्याप्रमाणे, भजीप्रमाणे, पोह्यांप्रमाणे बदलतं. क्रियापदाने कर्त्याला सोडून कर्माचं ऐकायचं, ही गोष्ट त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेली आहे. इंग्रजी पॅसिव्ह आणि आपला कर्मणी प्रयोग एकच नव्हे, पण एकातून दुसऱ्याकडे जायला रस्ता आहे. त्या रस्त्याने नेलं तर मुलं घाबरत नाहीत. सूत्रं पाठ करायला लावली तर घाबरतात. मीही घाबरलो होतो.

इनडायरेक्ट स्पीच तर आणखी मजेशीर. 'शेठ म्हणाला की मी उद्या पगार देतो.' मराठीत शेठचा 'मी' शेठकडेच राहतो, 'उद्या' उद्याच राहतो. इंग्रजीत नेताना 'मी' चा 'तो' होतो, 'उद्या' चा 'दुसरा दिवस' होतो, आणि देणं एक पायरी मागे भूतकाळात सरकतं. हे मी फळ्यावर करून दाखवलं तेव्हा लिफ्टवाला म्हणाला, "सर, इंग्रजीत सांगितलं की पगार आणखी लांब गेल्यासारखा वाटतो." काळ मागे सरकवण्याचा नियम इतक्या नेमक्या शब्दांत कुणी सांगितलेला मी ऐकला नव्हता. सांगणारा समोर नाही, त्याचा शब्द आता जुना झाला, हेच तर ते सरकणं.

पुस्तकात 'द पुली' नावाची जॉर्ज हर्बर्टची कविता आहे, १६३३ साली छापलेली. देव माणसाला सगळी वरदानं देतो आणि एकच हातचं राखतो. ते म्हणजे 'रेस्ट'. इंग्रजीत या शब्दाचे दोन अर्थ, विश्रांती आणि उरलेलं. हर्बर्ट दोन्हींवर खेळतो, बाकीचं सगळं माणसाकडे राहू दे, फक्त विसावा नको. म्हणजे दमला की तरी माझ्याकडे येईल. बांधकामावर काम करणाऱ्या मुलांना कप्पी माहीत असते, तिथे अडचण नाही. मी ही कविता शिकवत असताना दुसऱ्या बाकावरचा मुलगा डोकं टेकून झोपला होता, पहाटे चारपासून भाजीच्या गाडीवर होता. त्याला उठवलं नाही. शेजारच्याने त्याच्यासाठी टिपून ठेवलं.

आणि एक गोष्ट मी न चुकता सांगतो. या इंग्रजी पुस्तकातली पहिली कविता टागोरांची. त्यांनी ती बंगालीत लिहिली आणि स्वतःच इंग्रजीत आणली. १९१२ ला इंग्रजी गीतांजली निघाली, पुढच्या वर्षी नोबेल. पुढे टॉल्स्टॉयची गोष्ट आहे, तो रशियन. तेव्हा या पुस्तकात बाहेरून आलेले आपण एकटे नाही.

आता निबंध. या शब्दातच माझं एक दुखणं आहे. नि-बंध, म्हणजे घट्ट बांधलेलं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ ला निबंधमाला सुरू केली तेव्हा त्यांना एकेका मुद्द्याची तशीच पक्की बांधणी हवी होती, आणि ती त्यांनी करून दाखवली. पण फ्रान्समध्ये माँटेनने १५८० मध्ये आपल्या लेखांना जे नाव दिलं, ज्याचं पुढे इंग्रजीत 'एसे' झालं, त्याचा अर्थ आहे प्रयत्न. करून बघणं. मला वाटतं, शिकणाऱ्याच्या हातात आधी हा दुसरा अर्थ द्यायला हवा. आम्ही पहिल्या दिवसापासून बांधायला सांगतो, आणि ज्याच्याकडे बांधायला स्वतःचं काही नाही तो दुसऱ्याचं गाठोडं उचलून आणतो. प्रदूषणावर पाठ केलेल्या वीस ओळी, झाडांवर पाठ केलेल्या वीस, सुरुवातीचं वाक्य दोन्हींना तेच.

म्हणून उजळणीतला एक दिवस मी पेपरच्या बाहेरचा ठेवतो. विषय असतो 'एक माणूस'. वीस मिनिटं. डिक्शनरी चालेल, गाइड नाही. चुका मोजणार नाही, हे आधीच सांगतो, आणि पाळतो.

ताईंची अर्धी दुमडलेली वही मी घरी नेली. त्यांनी लिहिलं होतं, पूर्णविराम एकही नाही, मी वाचताना थांबलो तसे इथे देतो:

'माय आजोबा इज नॉट माय आजोबा. आय वर्क देअर. एव्हरी मॉर्निंग ही आस्क हू आर यू. आय से टी. देन ही स्माइल. वन डे शुगर लेस. ही मेक फेस. आय व्हेरी हॅपी.'

एवढंच. मी ते उभ्यानेच वाचलं, चप्पल न काढता.

रोज सकाळी एक माणूस तिला विचारतो, तू कोण, आणि ती नाव सांगत नाही, नातं सांगत नाही, पगाराचं सांगत नाही. ती म्हणते, चहा. कारण त्याला कळेल असं तेवढंच तिच्या हातात आहे. आणि एक दिवस साखर कमी पडली. त्याने तोंड वाकडं केलं. म्हणजे त्या पुसलेल्या पाटीवर अजून एक अक्षर आहे. 'आय व्हेरी हॅपी.' वर्गात विचारल्यावर जे तिला सांगता आलं नव्हतं, ते तिने न येणाऱ्या भाषेत सांगितलं होतं.

मग मी लाल पेन घेतलं. बराच वेळ ते नुसतंच हातात होतं. काय दुरुस्त करायचं? पूर्णविराम घातले. ते काही पाप नाही, मराठीतसुद्धा विरामचिन्हं मेजर कँडी या इंग्रज पंडितांनी इंग्रजीतून आणून रुळवली. 'आस्क' ला, 'स्माइल' ला 'एस' लावला, 'मेक' चं 'मेड' केलं, फेसच्या आधी 'अ' लिहिलं. आपल्याकडे तो 'अ' नाहीच, त्यामुळे प्रत्येक मराठी माणूस तो विसरतो. 'आय से टी' ला हात लावला नाही. शेवटच्या वाक्यात क्रियापद नव्हतं. गोष्ट एका दिवसाची, घडून गेलेली, म्हणून तिथे 'वॉज' घातलं. आय वॉज व्हेरी हॅपी.

दुसऱ्या दिवशी वही दिली. ताईंनी एकेक लाल खूण बोट ठेवून बघितली. सगळं पटलं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"सर, वॉज म्हणजे होते ना? झालं, संपलं?"

"हो. ती एका दिवसाची गोष्ट आहे ना, ताई."

"पण मी अजून हॅपीच आहे."

मी त्यांच्या हातातून वही घेतली, 'वॉज' खोडलं आणि 'ॲम' लिहिलं. बोर्डाच्या परीक्षकाने यावर काय केलं असतं कोण जाणे. तो निबंध बोर्डासाठी नव्हता.

फेब्रुवारीच्या मध्यावर शेवटचा तास झाला. हॉलतिकिटं आली होती, सेंटर कुठे, कुठल्या ट्रेनने जायचं, सुट्टी कशी मागायची, यातच निम्मा वेळ गेला. ऐंशी मार्कांचा पेपर, तीन तास, आधी काय सोडवायचं, सगळं झालं. मग मी पुस्तक बंद करायला सांगितलं. म्हटलं, एक राहिलंय.

पुस्तकातला उतारा 'सान्स एव्हरीथिंग' ला संपतो. मूळ नाटकात तो तिथे संपत नाही. जेक्सचं भाषण पुरं होतं न होतं तोच ऑर्लँडो नावाचा तरुण रंगमंचावर येतो, आणि त्याने एका म्हाताऱ्याला उचलून आणलेलं असतं. ॲडम त्याचं नाव. घरचा जुना नोकर. वय झालेलं, अरण्यात उपाशी, एक पाऊल पुढे टाकायची ताकद नाही. पण या म्हाताऱ्याने घर सोडताना जन्मभराची शिल्लक त्या तरुणाच्या हातात ठेवलेली असते. थोड्याच वेळापूर्वी ऑर्लँडो तलवार उपसून जेवण मागायला आला होता, आणि मिळेल म्हटल्यावरही स्वतः जेवला नव्हता, आधी म्हाताऱ्याला आणतो म्हणून परत गेला होता. अरण्यात राहणारा ड्यूक म्हणतो, या, तुमचं हे आदरणीय ओझं खाली ठेवा, त्याला खाऊ द्या.

म्हणजे काहीच उरत नाही, असं एक पात्र सुंदर भाषेत म्हणतं, आणि त्याचं वाक्य हवेत असतानाच शेक्सपिअर त्याच्या समोर एक म्हातारा आणून ठेवतो. बोलत काही नाही. नुसता आणून ठेवतो.

"ताई," मी म्हटलं, "तुम्ही म्हणालात ते त्यालाही माहीत होतं."

वर्ग ताईंकडे बघत होता. त्या जरा अवघडल्या, पदर सारखा केला. मग विचारलं, "काय दिलं त्याला खायला?"

मला क्षणभर आठवेना. मग आठवलं, तिथे फळांचा उल्लेख आहे, ऑर्लँडो ओरडतो की माझं काम होईपर्यंत या फळाला कुणी हात लावला तर मरेल.

"फळं असावीत."

ताईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं नव्हतं.

"फळं कशी देणार, सर? दात कुठे आहेत त्याला. केळं असेल तर ठीक आहे. दुसरं काही असेल तर शिजवायचं आणि वाटीत कुस्करून द्यायचं, चमच्याने. थोडं थोडं. उपाशी माणसाला एकदम नाही द्यायचं."

ढोलवाला वहीत लिहून घेत होता.